फेरफार

शाहूपुरीत, तिसऱ्या गल्लीत,
बॅटरीच्या दुकानावर आमचं ऑफिस.
जिन्यात ॲसिडचा वास, वर चार खुर्च्या,
त्यातली एक डुगडुगती, ती नव्या माणसाला.

सर्व्हरवर एक फोल्डर होतं.
त्यात फायनल,
फायनल-दोन,
फायनल-खरं,
आणि फायनल-इरफानचं-हात-लावू-नये.
मी हात लावला.

रात्री साडेअकराला चौगुलेअण्णांचा फोन,
मार्केट यार्डातले गुळाचे अडते.
दर गेल्या दिवाळीचा दिसतोय म्हणाले,
सकाळी सौदे आहेत, लोक हसतील.
मी माझ्याकडची प्रत चढवली.
दर सुधारला.
पैसे भरायचं पान गेलं,
त्यात इरफान शिकलगारचे तीन दिवस गेले.
ही फाइल आधीच आहे, बदलू का,
असं मशीननं विचारलं होतं, रीतसर.
मी हो म्हटलं होतं.

भांडला असता तर बरं झालं असतं.
तो डबा घेऊन खिडकीशी बसू लागला,
पाठ आमच्याकडं.
अकरा दिवस.

डुगडुगत्या खुर्चीतून तेजल मगदूम म्हणाली,
सर, गिट लावूया.
मी म्हणालो, चार माणसांना एवढा पसारा कशाला?
ती म्हणाली, माझे पप्पा तलाठी होते, कागलकडं.
सातबाऱ्यावर जुनं नाव पुसत नाहीत, सर.
त्याला कंस करतात,
शेजारी फेरफाराचा नंबर घालतात.
कुणी, कधी, कशापायी,
ते दुसऱ्या वहीत सापडतंय, पन्नास वर्षांनीसुद्धा.
तुमच्याकडं नुसता सातबारा आहे.
तोपण पेन्सिलीचा.

शनिवारी दुपारी बसलो. लाइट दोनदा गेली.
फायनल नावाची सगळी पिलावळ
एका जागी गोळा केली,
आणि पहिली नोंद मी टाकली:
जसं आहे तसं, चुकांसकट.
मग सर्व्हरचा पासवर्ड बदलला तेजलनं.
मला सांगितला नाही.

पहिल्या आठवड्यात सगळा आनंदच.
दिग्विजयनं आपल्या फांदीचं नाव ठेवलं "बघू".
नोंदीत लिहिलं, "केलं जरा".
तेजलनं परत पाठवलं: काय केलं? कशापायी?
त्यानं लिहिलं, बटण हिरवं केलं,
अण्णांच्या सूनबाईंना लाल आवडत नाही.
ती म्हणाली, आता कसं!

आणि बुधवारी ते झालं.
एकाच ओळीवर मी आणि इरफान.
मशीन थांबलं.
माझी ओळ वर, त्याची खाली,
मधे बरोबरच्या खुणांचा बांध.
यातलं कुठलं ठेवायचं ते मशीन सांगेना.
ते त्याचं कामच नाही, तेजल म्हणाली,
आणि चहा सांगायला खाली गेली,
दिग्विजयला दंडाला धरून.

इरफाननं खुर्ची ओढली.
स्क्रीनकडं बघत म्हणाला,
तुझ्यात वजन चुकतंय. रवा तीस किलोचा धरलायस.
मी म्हणालो, तुझ्यात हमाली दोनदा लागते.
बराच वेळ गेला.
मग तिसरीच ओळ लिहिली आम्ही.
टाइप त्यानं केली.

एक आज्ञा आहे,
कुठली ओळ कुणाची ते दाखवणारी.
रात्री एकटा असताना चालवून बघितली.
वरपासून खालपर्यंत माझं नाव.
इरफानच्या ओळी, दिग्विजयच्या ओळी,
सोडून गेलेल्या दोघांच्यासुद्धा,
सगळ्यांपुढं मीच,
कारण पहिली नोंद माझी.

सकाळी तेजलला दाखवलं.
असंच असतंय सर, ती म्हणाली,
कसणारा एक, नाव एकाचं.
पप्पा म्हणायचे, म्हणून तर इतर हक्काचा रकाना असतोय.

गेलेले तीन दिवस कुठल्याच नोंदीत नाहीत.
वही त्यांच्यानंतर उघडली.
मी एक कोरी फाइल केली,
नाव ठेवलं इतर हक्क,
आणि लिहिलं:
पैसे भरायचं पान दोनदा बांधलं,
इरफान शिकलगार यांनी.
पहिलं माझ्या हातून गेलं.

कशापायी, ते विचारायच्या आत
तेजलनं मंजूर करून टाकलं.