वजन

कारखान्यातला ताणकाटा इरेशकडून मागून आणलाय,
दाराच्या कडीला टांगलाय.
रोज रात्री त्याला एकेक वस्तू अडकवतो,
वहीत लिहितो.

कडक भाकऱ्या, बावीस. शेंगाची चटणी, पाऊण किलो.
ब्रशची दांडी अर्धी कापली
तेव्हा राजेश्वरी म्हणाली, "आणि हे पोट?"

कोयनेच्या जंगलातून अठरा दिवस.
नकाशा जमिनीवर पसरला की
घाटाची रेघ नेमकी फरशीच्या भेगेवर येते.
इथे सोलापुरात चढ म्हणजे एकच, रेल्वे पुलाचा.
तोच पहाटे चाळीसदा चढतो-उतरतो
पाठीवर सुताचे कोन भरून.
चहावाला विचारतो, मामा, काय हरवलं?

रविवारी नान्नजच्या माळावर.
नऊ तास, एक बाभूळ,
सावली तिची तिलाच पुरेना.
तिच्या बुडाशी बसून
जळवांसाठी मीठ किती लागेल
याचा हिशोब केला.

राहता राहिली चादर.
माझ्याच मागावरची, लाल, मोरांची.
काटा पावणेदोन किलोच्या खाली येत नाही.
वहीत तिचं नाव
तीनदा लिहून तीनदा खोडलंय.

आज वही मिटली, दिवा घालवला
आणि तीच पांघरून झोपलो.