चार बोटं

कालवा बंद झाला की तिसऱ्या दिवशी आम्ही आत उतरतो.
जनता वसाहतीच्या खाली, पर्वतीच्या पायाशी
एक वळण आहे. वळणाच्या आतल्या अंगाला
पाणी नेहमी जरा रेंगाळतं.
पुढे गेनबा कोंढाळकर, हातात बांबू,
बांबूवर खिळ्यानं पाडलेल्या खुणा.
मागे मी: गमबूट, वही,
आणि ऑफिसचा नवा टेप, ज्यावर त्याचा विश्वास नाही.

"पाण्याला नावं ठेवू नका, साहेब.
हमाल आहे ते.
चालतंय तोवर ओझं डोक्यावर.
कुणी थांबवलं, की टेकवणारच खाली."

कुणी थांबवलं, ते तो बोलला नाही,
बांबूनंच दाखवत गेला:
कुणाच्या तरी स्वयंपाकघराच्या फरशा, पोत्यात भरून,
पोत्याचं तोंड नीट शिवून, म्हणजे सावकाश, विचार करून टाकलेल्या.
प्लास्टरचा गणपती, सोंड शाबूत.
शिवणयंत्राचं पायडल,
पायडलला अडकलेली साडी,
साडीला धरून बसलेली जलपर्णी,
आणि तिच्या आडोशाला, गार, मऊ, पाय ठेवला की वर येणारा
चार बोटं गाळ.
मागच्या आवर्तनाला दोन होता.

कॉलेजात मी एक वेग शिकलो होतो,
ना तळ भरणारा, ना काठ खाणारा.
गुरव सरांनी फळ्यावर त्याच्याखाली दोन रेघा ओढल्या होत्या.
सूत्र अजून पाठ आहे.
त्यात शिवणयंत्र कुठेच बसत नाही.

आम्ही पायडल काढलं. साडी काढली.
पोतं चौघांनी ओढलं तेव्हा हललं.
गणपतीपाशी बिगारी थांबले,
मग गेनबानंच त्याला उचललं, लेकराला घेतात तसं, कडेवर.

मे महिन्यात तो मला वर घेऊन गेला,
पानशेतच्याही वर, जिथून हे सगळं निघतं.
हौसाबाई ढेबे घळीच्या तोंडाशी दगड रचत होत्या.
बाजूला ओल्या गोणपाटात वाळ्याचे ठोंब,
पाऊस लागला की लावायचे, वीत वीत सोडून.
मी विचारलं, कशासाठी एवढं, ह्या उन्हात?
त्यांनी माझ्याकडे न बघता एक चीप पालथी करून बसवली.
"माती खाली गेली की तुमची.
हितं हाय तवर माझी."

मग विचारलं, "खाली किती भरतीया?"
चार बोटं, म्हणालो.
"कुणाची?"
त्यांनी आपला पंजा माझ्या पंजाशेजारी धरला.
त्यांची तीन, माझी चार.
गेनबा दुसरीकडे तोंड करून हसला.

त्या रात्री रजिस्टरमध्ये
शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं:
गाळ चार बोटं, गेनबा कोंढाळकर यांची.
वरून चौकशी आली. उत्तर अजून दिलेलं नाही.

ऑगस्टअखेर गेनबा निवृत्त होणार.
त्याआधीचं शेवटचं आवर्तन सुटलं
तेव्हा तो काठावर उभा होता, चप्पल हातात.
आधी आला कोरडा पाचोळा, मग फेस,
मग ते नेहमीचं, अंगात माती मुरलेलं पाणी.
त्यानं खिशातून शेंगेचं फोलपट काढून टाकलं
आणि त्याच्या बरोबरीनं चालायला लागला.
छत्तीस वर्षं तो असाच मोजत आलाय:
माझ्या चालीनं चाललं की समजायचं, तळ मोकळा.

वळणापर्यंत दोघं सोबत होते.
वळणावर गुडघा धरून तो थांबला.
फोलपट थांबलं नाही,
आतल्या अंगानंच गेलं, दांडेकर पुलाकडे.

"पुढं गेलं," तो म्हणाला.
मग थोड्या वेळानं,
"बरं झालं."