पुस्ती

यझ्दच्या त्या बोळातून गाढव चाललं असेल
तर माणसानं थांबायचं.
वर, दोन भिंतींच्या मधोमध, कच्च्या विटांची कमान.
छप्पर नाही, पूल नाही,
मांजरंच तेवढी ये-जा करतात तिच्यावरून.
मी चौदा वर्षांचा, डोक्यावर भुसा-मातीचं घमेलं.
विचारलं, उस्ताद, ही कशासाठी?

उस्ताद बेमूनअलींनी माझ्या पाठीवर ओला हात थापला.
"पुश्त," म्हणाले. "पाठ. भिंतीलाही असते.
आणि पाठीला मागून कुणीतरी लागतं."
घमेलं उतरवून घेत तूबाखाला म्हणाली,
"मागून नाही रे, समोरून.
बघ नीट, कोण कुणावर रेललंय."

असंच चालायचं. ते वाक्य बांधायचे,
ती पुस्ती जोडायची.
ते म्हणायचे, सगळं कर्ज फेडलं. ती: अर्धं.
ते म्हणायचे, माझ्या आधीची तीन भावंडं गेली,
म्हणून आईनं नाव ठेवलं बेमून, म्हणजे राहा रे.
ती: राहिलाय की. बिनकामाचा.

कमानीच्या डावीकडे केरामत, उजवीकडे नुसरत.
सख्खे भाऊ. भुयारी कालव्याच्या पाळीवरून
बावीस वर्षं अबोला.
नुसरतला व्हॅन दारापर्यंत आणायची होती.
पाडा म्हणाला ती कमान, लागेल तो पैसा घ्या.
उस्तादांनी भिंतीला कान लावला,
मग पलीकडच्या भिंतीला. बराच वेळ.
"पाडतो," म्हणाले, "पण आधी दोन्ही घरं रिकामी करा."
नुसरत नुसताच वर बघत राहिला.
तूबाखाला त्याला ऐकू जाणार नाही अशा बेतानं म्हणाली,
"आणि केरामतला कुणी सांगू नका,
लाजेनं बाजूला सरकेल."

व्हॅन अजून बोळाच्या तोंडाशीच उभी असते.
भाऊ अजून बोलत नाहीत.
तूबाखाला गेली, त्याला तीन हिवाळे झाले.

उस्ताद दाराबाहेर बसतात, उन्हाच्या कडेला.
बोलतात, आणि प्रत्येक वाक्याच्या शेवटी
विटेएवढी जागा सोडतात.
लोकांना वाटतं, विसरले.

परवा मी शेजारी बसलो होतो,
नखांत दिवसभराची माती.
म्हणाले, "सगळं कर्ज फेडलं मी."
आणि थांबले.
मी इकडेतिकडे बघितलं.
म्हणालो, "अर्धं."

"बिनकामाचा," ते पुटपुटले,
आणि मागे टेकले.