डबल पिवळा

यादीत एकशे बारा रंगसंगती आहेत.
मध्यरात्र, समुद्रतळ, जुना कागद, ओलं लाकूड,
आणि एक, जिचं नाव कुणीतरी
बर्फाच्या कुठल्याशा देशावरून ठेवलंय.
इथे सेहेचाळीस अंश. कूलरच्या ताट्यांवर
सकाळपासून तिसऱ्यांदा पाणी मारून झालं.

पांढऱ्या पडद्यावर काम करणं म्हणजे
मे महिन्यात, दुपारी दोनला,
तोंडाला दुपट्टा न बांधता वर्धा रोडने जाणं.
म्हणून काळा. इथपर्यंत सोपं आहे.

पुढे अडतं.
यामिनी उरकुडे म्हणते, ही घे,
चूक लाल, मजकूर हिरवा,
नुसती नजर टाकली की कळतं.
मी नजर टाकतो.
चूक आणि मजकूर
एकाच चिखलातून उठून
शेजारी शेजारी बसलेत.

एकोणीस वर्षांचा होतो.
रेल्वेच्या दवाखान्यात डॉक्टरांनी ठिपक्यांची वही उघडली.
पहिल्या पानावर बारा होता, तो सगळ्यांनाच दिसतो.
दुसऱ्या पानावर ठिपके होते.
तिसऱ्या पानावर ठिपके होते.
बाबा दाराबाहेर, अजनी शेडमधून थेट आलेले,
हातात पाव किलो पेढे, जरा लवकरच घेतलेले.
परतताना स्कूटरवर एवढंच म्हणाले,
"मंग इतके दिवस चौकात तू कसा थांबून राहिला बे?"
वरचा पेटला की थांबतो, मी म्हणालो.
पेढे आम्ही दोघांनीच संपवले,
नरेंद्रनगरच्या पुलाखाली, गाडी उभी करून.

संत्र्यांचंही तसंच.
ज्या रंगाने लोक या शहराला ओळखतात
तो मी अंगठ्याने ओळखतो:
साल जरा सुटलेली, देठाशी पोकळ,
नखाला लगेच वास.
कळमन्यात मला अजून कुणी फसवलेलं नाही.

आज रात्री बाबा पाण्याची बाटली घेऊन मागे उभे राहिले.
निवृत्तीला चार वर्षं झाली,
झोप अजून ड्युटीच्याच वेळेला तुटते.
"काय निवडून राहिला?"
रंग.
ते हसले नाहीत. खुर्ची ओढली, चष्मा लावला,
आणि इंजिनात सहायकाला ऐकवत
तसं खणखणीत वाचायला लागले:
"ओळ चौदा, लाल."
मी परत म्हणालो, ओळ चौदा, लाल.
"ओळ पंधरा, हिरवा."
ओळ पंधरा, हिरवा.
"सतरा... हा कोणता म्हणाव, वांग्यासारखा."
सतरा, वांगं.
पाहायचं, बोलायचं, समोरच्याकडून ऐकायचं,
त्याशिवाय त्यांनी कधी
गाडी फुटभर पुढे नेली नव्हती.

चाळिसाव्या ओळीला दमले.
"डबल पिवळा तुले दिसते ना?"
दिसतो.
"तो कसा काय?"
दोन असतात म्हणून.

मग बराच वेळ कूलरच बोलत होता.

यादी बंद केली. तीन वाजेपर्यंत
स्वतःचीच फाइल लिहीत बसलो.
मजकूर निळा, अंक पिवळे,
टिपणं तिरकी आणि मंद, शेजारच्या खोलीतल्या बोलण्यासारखी,
चुकीखाली जाड रेघ,
आणि इशारा असेल तिथे समासात
एकाखाली एक दोन ठिपके.
लाल-हिरव्याचे रकाने रिकामे सोडता येत नाहीत.
तिथे उद्या यामिनीला विचारून काहीतरी टाकेन,
पाहुण्यांसाठी.

शेवटी फाइल नाव मागते.
बाबा गच्चीवर आडवे झाले होते, जागेच.
"नाव कायले पाह्यजे? नंबर दे."
आणि त्यांच्या शेवटच्या इंजिनाचा नंबर
अंधारात वर बघत सांगितला,
एकेक आकडा सुटा.
मी परत म्हणालो, एकेक आकडा सुटा.
"हां," ते म्हणाले, आणि कूस बदलली.