पाचवी केस

निवृत्त शिक्षकांचा मेळावा, धंतोली.
कूलरच्या आवाजावरून ओरडून बोलावं लागत होतं,
त्यातच आणीबाणीचा विषय निघाला.
बोंद्रे सर म्हणाले, नाइलाज होता.
खापेकर बाई म्हणाल्या, पगार अडवायचे हो.
सगळ्यांच्या माना हलल्या.
आलूबोंडे आले.

माझा पगार कोणी अडवला नव्हता.
माझा नाइलाजही नव्हता.
मला पटलं होतं.

हे तिथे बोलले नाही, म्हणून इथे लिहिते.

मला आवडायचं
दहा वीसच्या ठोक्याला सगळे मास्तर हजर असणं,
इतवारीतल्या दुकानांवर लागलेल्या भावांच्या पाट्या,
मोर्चा नसलेला, धुतल्यासारखा व्हरायटी चौक.
आतेभाऊ तेव्हा वर्धा रोडच्या जेलात होता.
मी आत्याला म्हटलं,
सही करून टाक म्हणावं त्याला, देश पुढे चाललाय.
आत्यानं माझ्यासमोरची कपबशी उचलून नेली.
अर्धा चहा होता तिच्यात.

पाचपावलीची आमची शाळा.
शिक्षकामागे पाच केसेस.
केसच म्हणायचो आम्ही, माणूस कोणी म्हणत नव्हतं.
चार मला मार्चआधीच मिळाल्या, त्यांची नावं
आज आठवत नाहीत, आणि हेही
लिहून ठेवायला हवं.

पाचवा मोतीराम पराते, शाळेचा शिपाई.
घरी माग, दोन मुली, वय एकतीस.
तीन दुपारी त्याला फळ्यावर समजावलं:
ही भाकर, हे खाणारे, आता भाग कर.
तो फळ्याकडे पाहतच नव्हता,
माझ्या बोटांवरच्या खडूकडे पाहत होता.
शेवटी म्हणाला,
"बाई, तुमी म्हन्ता त बराबरच असन."

मेयोपर्यंत सायकलरिक्षानं मीच घेऊन गेले.
भाडं मी दिलं.
कित्येक वर्षं ते भाडं मी
माझ्या बाजूला धरत आले.

त्याला थोडे पैसे मिळाले, एक घोंगडी मिळाली.
मला शिक्षणाधिकाऱ्यांचं प्रशस्तिपत्र,
मी ते फ्रेम करून घेतलं.

कधी बदलले म्हणाल, तर एखादा दिवस नाही सांगता येत.
असता तर सोयीचं झालं असतं.
सत्त्याहत्तरच्या निकालाच्या रात्री
बडकस चौकात फटाके फुटत होते,
मी खिडकी लावून घेतली आणि
लोक कृतघ्न आहेत असं वहीत लिहिलं.
ती वही अजून आहे.
अक्षर फार सुरेख आहे.

मग दोनेक वर्षांनी, चौथी ब, निबंधाच्या वह्या.
पराते शकुंतला मोतीराम. माझे बाबा.
"माझे बाबा शाळेत घंटा वाजवतात.
माझे बाबा बाईंचे सगळे एकतात."
मी लाल शाईनं ए वर मात्रा दिली.
ऐकतात.
आणि तिथेच पेन टेकवून बसून राहिले,
कागदावर शाईचा ठिपका मोठा होत गेला,
तास संपल्याची घंटा झाली.
तोच वाजवत होता.

त्या मुलीला दहापैकी नऊ दिले.
एवढंच केलं मी, आणखी काही नाही.
फ्रेम पुढे तीन वर्षं भिंतीवर होती.

मागच्या वर्षी तो गोळीबार चौकात भेटला.
पांढरा झालाय, पण चालतो ताठ.
मी सुरुवात केली, मोतीराम, त्या वेळी मी तुला
"जाऊ द्या न बाई," तो म्हणाला,
"तवा सारेच तसे होते."

नको रे.
मला त्या साऱ्यांत ढकलू नको.
तिथे फार गर्दी आहे, आणि सगळे
आलूबोंडे खात बसलेत.

पण हे मनातच. तोंडानं विचारलं, शकू कुठे असते?
"भंडाऱ्याले. मास्तरीन हाय."
मग त्यानंच हात करून आटो थांबवला,
घासाघीस करून भाडं ठरवलं,
मी पर्स उघडायच्या आत देऊनही टाकलं,
आणि आटोवाल्याला म्हणाला,
"बाईले सांभाळून नेजो."