टोपी बसवताना

तीस वर्षं मी लोकांच्या दाढांवर टोप्या बसवल्या,
डॉक्टर लुंडीनच्या दवाखान्यात, मदतनीस म्हणून.
ते म्हणायचे, व्हर्ना, दाब, आणि मग थांब.
थांबायचं कुठे, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.
अंगठ्याने ते परस्पर शिकून घेतलं.

आता दवाखाना नाही.
रायफल आहे, सहाशे यार्डांवरचा कागद आहे,
आणि तळघरातल्या टेबलावर
शंभर पितळी पुंगळ्या, बुडं वर करून उभ्या.
प्रत्येकीच्या बुडाला मसुराएवढा खळगा,
खळग्यात एक टोपी बसवायची.
वर राहिली तर सुईचा अर्धा दम तिला ढकलण्यात जातो,
फार चेपली तर आतली चिमूटभर ठिणगी रुसते.
तळाला टेकली पाहिजे,
आणि टेकल्यावर आणखी एक केसभर.
केस कुणाचा, ते विचारू नका.

ऑरिनचं अवजार मुठीतलं होतं.
त्याची कळ अंगठ्याने दाबायची.
हल्ली ती दाबली की दुसरीच कळ उठते,
मनगटातून थेट कोपरापर्यंत.
चाळिसाव्या पुंगळीला मी अवजाराला शिव्या देते,
साठाव्या पुंगळीला ऑरिनला,
ज्याला जाऊन सात हिवाळे झाले
आणि जो जिवंतपणीही शिव्या मनावर घेत नसे.

म्हणून काल बर्फातून गाडी काढली
आणि माइल्स सिटीला गेले, बोयडच्या दुकानात.
त्याच्या नातवाने, कोल्टनने, तीन अवजारं काउंटरवर मांडली.

पहिलं प्रेसवर चढवायचं.
जोर भरपूर, पण मुकं:
जाड हातमोजे घालून कुणाची नाडी बघावी तसं.
दुसरं मुठीतलंच, नवं, हलकं, देखणं.
बघूनच अंगठा कुरकुरला.
तिसरं टेबलाला आवळायचं, लांब दांड्याचं,
खाली तबकडी,
एकेक खूण इंचाच्या हजाराव्या भागाची.
किंमत ऐकून मी चष्मा काढला,
पुसला, परत घातला.
किंमत तीच होती.

यात चूक होतच नाही, कोल्टन म्हणाला,
आकडा लावायचा आणि ओढत सुटायचं.
मी म्हटलं, बाळा, उडवून झालेल्या टोप्या दे मूठभर,
आणि जरा गप्प बस.

डोळे मिटले. दांडा ओढला.
आधी घासत जाणं,
मग थोडं सैल,
मग ते,
जे लुंडीनच्या खुर्चीत
फक्त मला आणि त्या दाढेला कळायचं.
टेकली.
परत एक. टेकली.
तिसरी तिरकी गेली, तेही कळलं.
मागे कुणीतरी गोळ्यांचा भाव विचारत होतं,
कोल्टनने त्यालाही गप्प केलं.

रात्री तळघरात, डोळ्यांवर जाड काचा,
नव्या दांड्याशी हाताची घडी बसायला वीस पुंगळ्या गेल्या,
विश्वास बसायला चाळीस.
तबकडीवर मी चिकटपट्टी लावून टाकली.
आकडा खोटा नव्हता,
पण खळगा प्रत्येकीचा निराळा खोल,
आणि आकडा सगळ्यांशी एकच बोलतो.

साडेदहाला तबक रिकामं झालं.
पुंगळ्या मोजल्या. नव्व्याण्णव.
शंभरावी बुड वर करून तशीच,
खळग्यात अंधार.

म्हणजे एक जिवंत टोपी या तळघरात कुठेतरी.
झाडू नको, व्हॅक्यूम तर नकोच.
अडुसष्टाव्या वर्षी गुडघ्यांवर, टॉर्च दातांत धरून,
कपाटाखाली, बॉयलरमागे,
ऑरिनच्या बर्फातल्या बुटांच्या आत,
जिथे ती असणं शक्यच नव्हतं, तरी बघितलं.

सापडली ती माझ्याच लोकरी सपातेत,
टाचेखाली.
तासभर मी तिच्यावर उभी होते,
आणि अंगठ्याला जे कळतं
त्यातलं टाचेला काहीच कळलं नव्हतं.

लोकरीचा तंतू फुंकून काढला.
दांडा ओढला.
थांबले.
शंभर.