बिनदाण्याचा कोपरा

लेक पुण्याहून फोनवर सांगते,
आई, याला बार म्हणतात.
आमच्या गल्लीत बार म्हटलं
की बायकांना आपापले नवरे आठवतात,
म्हणून मी वडीच म्हणते.

सोपं आहे. कुणालाही येईल.
दोन वाट्या ज्वारीचं पीठ, मालदांडीचं,
आधी कोरडं भाजायचं, वास शेजारी पोचला की थांबायचं.
गूळ तुपात विरघळू द्यायचा, उकळू द्यायचा नाही,
उकळला की झाली चिक्की, मग तुमचे दात आणि तुमचं नशीब.
शेंगांचं कूट जाडसर.
चिमूट सोडा, चिमूट मीठ, वर तीळ.
वेलची असली तर घाला.
नसली म्हणून गड्डा भरायचा राहत नाही.

ओव्हन घरात नाही.
इम्तियाज नदाफची भट्टी आहे.
पहाटेचे पाव निघाले
की तिच्या पोटात दोन तास ऊब उरते,
ती तो गल्लीला विकतो, ताटामागे दहा रुपये.
भोगीच्या सकाळी बायका रांगेत,
कुणाची परात, कुणाचं कुकरचं भांडं,
माझा गोडेतेलाचा डबा, आडवा कापून कडा ठोकलेला,
बुडाला खिळ्यानं कोरलेलं: गाजूल सरोजा.
आमच्यात आडनाव आधी येतं.
नदाफ हाक मारतो, "ओ गाजूल, तुमचं फुगलं बघा!"
सगळी रांग हसते.

कापायचं गरम असतानाच,
गार झाल्यावर सुरी ऐकत नाही.
लेकीच्या शाळेतली फूटपट्टी लावते,
सहा उभे, चार आडवे, चोवीस.
आतल्या अंगाची ओळ दरवर्षी करपते,
ती घरात, चहाबरोबर.
उरल्या अठरा. नऊ घरं, दोन-दोन.

टॉवेलच्या कारखान्यातल्या चिंध्या आणल्यात,
पांढऱ्या, एका कडेला निळी पट्टी.
वर चादरीचं उरलेलं सूत.
लाल सूत माडूर जॉबरला, त्याची जीभ तशीच आहे.
जांभळं वरच्या मजल्यावरच्या शिवलीला हत्तुरेला.
आणि एक पुडी पाण्याच्या चावीवाल्याला,
चार दिवसांनी का होईना, तो आमच्याकडे वळतो.

आठवी पुडी बांधली
आणि ताटाच्या कोपऱ्यात दोन वड्या दिसल्या,
फिकट, गुळगुळीत, दाण्याविना.

नरसव्वाच्या.

पंचवीस वर्षं मांडीला मांडी लावून कांड्या भरल्या आम्ही.
मिश्रीनं तिचे दात लवकर नेले.
"दाणं हिरडीत जातंय गं," म्हणायची,
म्हणून कूट घालायच्या आधी
मी एक वाटी पीठ बाजूला काढायची.
दिवाळीनंतर ती गेली.
मातीला मीच गेले होते, पायाला चुना लागला होता,
आणि तरी आज पहाटे
हातानं मला न विचारता
वाटी बाजूला काढली होती.

तिची पुडीही बांधली. हिरवं सूत.
संध्याकाळी सगळ्यांना वाटत फिरले.
तळ्याच्या अंगाला गड्ड्यातल्या पाळण्याचे दिवे
वर जात होते, खाली येत होते.
तिच्या दाराला कुलूप,
सून माहेरी, भिवंडीला.
पायरीवर तिची चपटी उशी तशीच,
बसून बसून मधे खोल झालेली.
पुडी तिथे ठेवावी असं वाटलं.
कुत्री खातील, म्हणून परत आणली.

फळीवर राहिली.
तिसऱ्या दिवशी मुंग्या आल्या,
खिडकीपासून हिरव्या सुतापर्यंत एक सरळ ओळ,
फूटपट्टी लावल्यासारखी.
फडकं हातात होतं.
ओळ मोडली नाही.

रात्री लेकीचा फोन.
आई, जमले का बार?
जमले म्हटलं.
सोपंच आहे.